दप्तर संगणकात जाताना

(निपाणी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या बहुतेक संस्थांच्या सभेपुढे एक विषय येऊन गेला आहे : दप्तराचे संगणकीकरण. पतसंस्था असो, शिक्षणसंस्था असो, वाचनालय असो की देवस्थानची पंचकमिटी, ठराव एकमताने होतो. कोटेशने मागवली जातात, स्कॅनर येतो, कुणाच्या तरी ओळखीतला मुलगा महिनाभर बसून कागद स्कॅन करतो आणि वार्षिक अहवालात एक वाक्य छापले जाते की संस्थेचे सर्व दप्तर आता डिजिटल झाले आहे. त्या वाक्यानंतर काय होते, ते मला आज सांगायचे आहे.

अशाच एका संस्थेने मला बोलावले होते. इमारतीसाठी कर्ज काढायचे होते आणि बँकेने जागा घेतली त्या वेळचा ठराव मागितला होता. हार्ड डिस्क लावली. आत तीसेक वर्षांचे कागद होते. काम स्वच्छ होते, एक पान तिरके नव्हते. पण प्रत्येक फाइलचे नाव 'स्कॅन' आणि पुढे आकडा. कोणत्या आकड्यात कोणती वही, ती कोणत्या सालाची, हे कुठेही लिहिलेले नव्हते. चेअरमन, सेक्रेटरी आणि मी पडद्यावर एकामागून एक पाने उघडत बसलो. बराच वेळ गेला. शेवटी संस्थेच्या जुन्या शिपायाने, कुणी न सांगता, आतल्या खोलीतले लोखंडी कपाट उघडले, खालच्या कप्प्यातून लाल पाठीची प्रोसिडिंग वही काढली, दोन-चार पाने चाळली आणि ठरावाचे पान उघडून टेबलावर ठेवले.

कागदांची चित्रे संगणकात गेली होती. दप्तर मात्र त्या कपाटात आणि त्या शिपायाच्या डोक्यात राहिले होते. तो आता निवृत्तीला आला आहे.

दप्तर कशाला म्हणायचे, हे आधी नीट ठरवू. हा कागद कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या कामासाठी लिहिला, त्याच्या मागचा कागद कोणता आणि पुढचा कोणता, आणि त्यात काही बदलले असेल तर कुणाच्या अधिकाराने बदलले, या प्रश्नांची उत्तरे जिथे मिळतात ते दप्तर. ज्या कार्यवाहांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या हातच्या वह्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक ठरावाशेजारी समासात दोन-तीन शब्दांत विषय. त्या विषयावर आधी ठराव झाला असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख. खाडाखोड असेल तिथे बारीक सही. आणि वहीच्या शेवटच्या पानांवर विषयवार सूची. आज सॉफ्टवेअर विकणारी मंडळी मेटाडेटा आणि ऑडिट ट्रेल हे शब्द वापरतात आणि समोरचे संचालक दबून जातात. दबण्याचे कारण नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या कार्यवाहांनी शाईच्या पेनाने केल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची वही कुणीही उघडली तरी तिच्यातले सापडते.

दप्तराचे मोल आपल्या मुलखाला फार महागात कळलेले आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनच्या हातात अधिकार आले, तेव्हा धारवाड-बेळगावकडच्या इनामदारांना आपापले हक्क कागदाने सिद्ध करावे लागले. घरातली सनद वाळवीने खाल्ली असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात नोंद सापडते का, यावर घराण्याची जमीन टिकायची किंवा जायची. त्याच दफ्तरातले कागद निवडून रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड काढले. ते खंड आपण कौतुकाने पाहतो. पण त्यामागे मोडी वाचणाऱ्या माणसांनी रुमालामागून रुमाल सोडून, कागद वाचून, वेगळे करण्याचे जे काम केले, तेच खरे काम होते. छपाई त्यानंतरची.

आता आपल्या घराघरात असलेल्या कागदाकडे येतो, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याकडे. संस्थेने कागदाकडून संगणकाकडे कसे जावे आणि कुठे चुकू नये, याचा याहून मोठा धडा आपल्या भागात दुसरा नाही.

जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातला वर्धा त्यात होता. कर्नाटकानेही नव्वदच्या दशकात प्रयत्न केला. उतारे जिल्ह्याच्या ठिकाणी टाइप झाले आणि तिथेच शिळे झाले. कारण गावात तलाठ्याची वही चालूच होती. फेरफार वहीत पडायचा, उतारा वहीवरून मिळायचा आणि सगळे त्या वहीलाच मानायचे. संगणकातल्या प्रतीवाचून कुणाचेच अडत नव्हते, म्हणून ती कुणी ताजी ठेवली नाही. आपल्या संस्थांत आज जे घडते आहे ते हेच आहे. कीर्द हाताने लिहायची, खतावणी हाताने लिहायची आणि मार्च उजाडला की दोन पोरे बसवून ते सगळे संगणकात भरायचे. मग ऑडिटर आला की तो वही मागतो आणि संगणकावर कापड पडते.

कर्नाटकाचा 'भूमी' हा उताऱ्यांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प वेगळा ठरला तो इथे. राजीव चावला या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली तो २००० च्या सुमारास उभा राहिला. राज्यातल्या सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे जवळजवळ दोन कोटी उतारे, आणि ते लिहिणारे नऊ हजारांच्या आसपास गाव लेखापाल, ज्यांना आपण अजूनही तलाठीच म्हणतो. त्यांच्या वह्या आधी टाइप झाल्या. मग छापील प्रती पुन्हा त्याच तलाठ्यांच्या हातात दिल्या, वहीशी ताडून पाहायला लावल्या आणि त्यांच्याकडून सही घेतली. आणि एकदा तालुक्याचे काम पुरे झाले की हाताने लिहिलेला उतारा देणेच बंद केले. त्या तारखेनंतर वहीवरच्या उताऱ्याला किंमत उरली नाही. मागे फिरायची वाट बंद झाल्यावरच सगळे यंत्र नीट चालायला लागले.

तालुक्याच्या कचेरीतली ती खिडकी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तेव्हा पंधरा रुपये भरायचे, गाव आणि सर्व्हे नंबर सांगायचा. आत बसलेल्या माणसासमोर एक पडदा आणि तोंड बाहेर करून ठेवलेला दुसरा पडदा शेतकऱ्यासाठी. आत काय टाइप होते आहे, कोणता नंबर उघडला, कुणाचे नाव आले, ते रांगेतल्या माणसाला दिसायचे. या दुसऱ्या पडद्याचे मला फार कौतुक वाटते. त्याला खर्च किती लागला असेल? पण त्यामागे एक विचार आहे की नोंद ज्याची आहे त्याला ती लिहिताना दिसली पाहिजे. कर्मचाऱ्यांना पासवर्डाऐवजी बोटाचा ठसा ठेवला, कारण पासवर्ड दुसऱ्याला देता येतो. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानेच निकालात काढायचे अशी बांधणी केली, म्हणजे मागचा अर्ज पुढे सरकवायचा तर कारण लिहावे लागणार. आपल्या एखाद्या संस्थेने दप्तरासाठी सॉफ्टवेअर घेताना या तीनच गोष्टी विचारल्या तरी पुरे : सभासदाला आपली नोंद दिसते का, नोंद कुणी केली हे नाकारता येणार नाही अशी व्यवस्था आहे का, आणि आधी आलेला अर्ज आधी निघतो का. कोटेशनच्या तुलनातक्त्यात मला हे प्रश्न अजून तरी दिसलेले नाहीत. किंमत आणि वॉरंटी एवढेच दिसते.

आपल्या तालुक्यांतला उतारा त्या खिडकीपर्यंत पोचला तो मात्र फार लांबच्या वाटेने. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १८७९ चा मुंबईचा जमीन महसूल कायदा, १९०३ च्या कायद्याने सुरू झालेली हक्कनोंदणी आणि त्याखालचे गावनमुने इथे चालत. कितीतरी गावांची जुनी पुस्तके मराठीत होती, त्याआधीची मोडीत. राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहिला, बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. पुढे १९६४ चा महसूल कायदा आला, सात-बाराच्या जागी नमुना १६ चा आरटीसी आला आणि लिहिणे कानडीत सुरू झाले. म्हणजे मोडीतले नाव देवनागरीत उतरले, देवनागरीतले कानडीत उतरले आणि कानडीतले संगणकात. प्रत्येक वेळी कुणीतरी माणूस वही पुढे ठेवून, दिव्याखाली किंवा उन्हात बसून, ते उतरवत होता. चुका होणारच होत्या आणि झाल्या.

चौगुले आडनाव घ्या. आपल्या भागात गावोगाव आहे. एकाच घरात उताऱ्यावर 'चौगला', शाळेच्या दाखल्यावर 'चौगुले', पासबुकात 'चौगले', आणि आधारकार्डावरच्या इंग्रजीत कधी 'ए-यू' तर कधी 'ओ-यू'. त्यात आजोबांचे नाव उताऱ्यावर 'जोतिबा' आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'ज्योतीराम'. गावातल्या माणसाला हा एकच माणूस आहे हे सांगावे लागत नाही. यंत्राला ती चार माणसे दिसतात. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने उतारे आधारशी जोडण्याची मोहीम घेतली, तेव्हा हे सगळे वर आले. कितीतरी उतारे अजून मयत माणसांच्या नावावर आहेत, वारसनोंद झालेलीच नाही, हेही त्याच वेळी ठळक झाले. वारसांनी अर्ज केले नाहीत हा एक भाग. अर्ज केले पण नाव जुळत नाही म्हणून परत आले, हा दुसरा भाग, आणि सीमाभागात तो मोठा आहे.

यावर उपाय आहे आणि तो ग्रंथपालांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. अशा कुठल्याही चांगल्या वाचनालयात लेखकाच्या नावाचे एक पक्के रूप ठरवतात आणि बाकीची रूपे त्याच्याकडे वळवतात. कुणी टोपणनावाने शोधले तरी मूळ लेखकापाशी पोचतो. सभासदांच्या नोंदवहीत हेच करायचे. एक पक्के नाव, एक न बदलणारा सभासद क्रमांक आणि त्याखाली मराठी, कानडी, इंग्रजी अशी जेवढी रूपे जुन्या कागदांत सापडतील तेवढी सगळी. एकही रूप पुसायचे नाही. 'दुरुस्त' करण्याच्या उत्साहात जुने रूप पुसले की जुन्या कागदाशी असलेले नाते तुटते. आणि मराठी की कानडी असा वाद इथे घालण्याचे काहीच कारण नाही. कागदावर तिन्ही लिप्या शेजारी मांडायला जागा पुरत नव्हती. संगणकात ती अडचण नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद मिळावेत हा हक्क आपण इतकी वर्षे मागतो आहोत. तो सरकारकडे मागताना, आपल्या ताब्यातल्या संस्थांत तरी आपण तो अंमलात आणला पाहिजे, आणि कानडी सभासदालाही त्याच्या भाषेत दिला पाहिजे.

सीमेपलीकडे याच अडचणीवर एक चांगले काम झाले. महाराष्ट्रात संगणकातला सात-बारा आणि हस्तलिखित सात-बारा जुळत नाहीत, हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने गावात संगणकातला उतारा मोठ्याने वाचायचा, लोकांनी ऐकायचे आणि चूक असेल तिथे सांगायचे. सगळ्या गावांत ती सारख्याच मनापासून झाली असे मी म्हणणार नाही. पण कल्पना आपल्या मातीतली आहे आणि पक्की आहे. ज्याची नोंद त्याच्यासमोर वाचली गेली. निपाणीच्या वेशीवर उभे राहिले की हे दोन्ही कारभार एका नजरेत दिसतात. देवचंद कॉलेज आपण निपाणीचेच समजतो, पण ते आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात. इथल्या किती शेतकऱ्यांची अर्धी जमीन इकडे आणि अर्धी तिकडे आहे. त्याच्या एका हातात डिजिटल सहीचा सात-बारा आणि दुसऱ्या हातात आरटीसी. दोन राज्यांचे दोन संगणक एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे दोघांमधला निरोप त्यालाच पोचवावा लागतो.

'भूमी'चे मोठेपण सांगितले, आता उणेही सांगतो. अभ्यासक सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लिहिले की बंगळूरच्या आसपास या व्यवस्थेचा फायदा लहान शेतकऱ्यापेक्षा मोठ्या जमीन खरेदीदारांना अधिक झाला. गावातली माहिती गावाबाहेर, एका जागी गोळा झाली की ती आधी कुणाच्या कामी येते, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो योग्य होता. शिवाय संगणकात गेला तो चालू उतारा. त्याच्या मागचे फेरफार, वाटणीपत्रे, जुनी पुस्तके तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गाठोड्यांत राहिली. ती स्कॅन करून सूचीसह लोकांना मिळावीत म्हणून 'भू सुरक्षा' हे काम सुरू झाले ते २०२४ मध्ये. म्हणजे आधी आजची नोंद आणि पाव शतकाने तिचा पुरावा. खाजगी संस्थांना इतका वेळ परवडणार नाही.

सेवा सोसायट्यांकडे, आपल्या भाषेत पीकेपीएसकडे, हीच वेळ आली आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी रुपये. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच. मी काही सोसायट्यांत जाऊन बसलो आहे. तिथे सेक्रेटरी हाच दप्तर असतो. शेअरचे रजिस्टर, नॉमिनेशनचे कागद, पीककर्जाचे बोजे, कोणत्या सभासदाचा कोणता मुलगा आता हप्ता भरतो, सगळे त्याच्या जिभेवर. संगणक आल्यावर नवा पदवीधर मुलगा नेमतात आणि सेक्रेटरीला कोपऱ्यात बसवतात. हे उलटे आहे. मुलाने टाइप करावे, पण त्याच्या शेजारी खुर्ची सेक्रेटरीची असावी आणि प्रत्येक खात्याच्या सुरुवातीच्या शिल्लकेवर त्याची सही असावी. 'भूमी'त तलाठ्याची सही घेतली ती याचसाठी. आणि एक तारीख ठरवावी, शक्यतो १ एप्रिल. त्या तारखेपर्यंत दोन्ही चालवा, रोज संध्याकाळी कीर्द आणि संगणक ताडून पाहा. त्या तारखेनंतर हाताची कीर्द बंद. दोन्ही कायम चालू ठेवणे हे सावधपणाचे वाटते, पण त्यात दोन्ही बिघडतात. फरक निघाला तर खरे कोणते हे सांगणारा कुणी उरत नाही.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो जिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. आपल्या संस्थांचे पहिले संगणक नव्वदच्या दशकाच्या शेवटी आले. मराठी टाइप करायला श्री-लिपी होती, आकृती होती, सीडॅकची साधने होती. कानडीला नुडी. पंचवीस वर्षांची इतिवृत्ते, पत्रव्यवहार, सभासद याद्या त्यांत आहेत. ती फाइल आजच्या संगणकावर उघडून पाहा. ज्या फाँटमध्ये टाइप केली तो तिथे नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची रांग दिसते. आतला मजकूर गेलेला नसतो, पण तो फक्त त्या फाँटलाच कळतो. युनिकोडमध्ये अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून 'निपाणी' असे टाइप करून शोधले तर सापडते. जुन्या फाँटमध्ये ते सापडत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, बरीचशी मोफत आहेत. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे आणि रफार नीट आले का हे मात्र डोळ्यांनी तपासावे लागते. हा कागद वाळवीने खाल्लेला नाही, पुरात भिजलेला नाही, आपल्याच टेबलावर आहे, आणि तरी तो वाचता येईनासा होतो आहे. मला याची मोडीपेक्षा जास्त काळजी वाटते, कारण मोडी जुनी आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि २००३ सालची फाइल जुनी झाली हे कुणाच्या मनातही येत नाही. रूपांतर झालेले आणि स्कॅन केलेले सगळे पीडीएफ-ए या प्रकारात ठेवा. तो प्रकार दीर्घकाळ जतनासाठीच केलेला आहे, त्यात फाँट फाइलच्या आतच राहतो.

कायद्याविषयी विचारणा नेहमी होते, म्हणून थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. इलेक्ट्रॉनिक नोंदीला त्याने मान्यता दिली आणि ती कशी जपायची हेही सांगितले. नोंद पुढे केव्हाही उघडता आली पाहिजे, मूळ रूपात किंवा मूळ नीट दाखवील अशा रूपात असली पाहिजे आणि ती कुठून आली, केव्हा आली, ही माहिती तिच्याबरोबर राहिली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातला कागद कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते, म्हणून ते त्या फाइलची ओळख ठरते. स्कॅन करतानाच प्रत्येक फाइलचे हे मूल्य काढून वेगळ्या यादीत ठेवले तर पाच-दहा वर्षांनी वकिलाचे अर्धे काम झालेले असते. मूळ कागद टाकून द्यायचे का? खरेदीखते, सनदा, वाटणीपत्रे, ट्रस्टचे मूळ दस्त, शाळेचे जनरल रजिस्टर, प्रोसिडिंग वह्या हे कधीही टाकायचे नाहीत. मृत्युपत्र तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेतच येत नाही. व्हाउचर, पावत्यांची स्थळप्रत, हजेरीपत्रके यांची मुदत ऑडिटरला विचारून ठरवा, आणि नष्ट केले तर काय नष्ट केले याची यादी करून ठराव घ्या. मला रद्दीवाल्याच्या गाड्यावर संस्थांचे दप्तर दिसले आहे आणि ते विसरता येत नाही.

त्यातच आणखी एक. सभासदांच्या आधारच्या झेरॉक्स आणि फोटो आपण स्कॅन करून ठेवतो आणि व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे पाठवतो. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लहान संस्थेलाही कक्षेत घेतो. कोणता कागद कोण उघडू शकतो हे ठरवलेले असावे आणि कुणी उघडला याची नोंद राहावी. एस्टोनियात नागरिकाला आपली सरकारी माहिती कुणी पाहिली ते स्वतः बघता येते. आपल्याला सुरुवात म्हणून एवढे पुरे की संस्थेच्या अध्यक्षाला तरी ते बघता यावे.

आता प्रती कुठे ठेवायच्या ते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि महाराष्ट्राच्या फाइली जळाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले. ज्या संस्थांनी हार्ड डिस्क त्याच कपाटात, त्याच तळमजल्यावर ठेवली आहे, त्यांनी एक प्रत उंचावर आणि दुसरी वेगळ्या गावात ठेवावी. वर्षातून एकदा ती दुसरी प्रत उघडून पाहावी. उघडून पाहिल्याशिवाय ती प्रत आहे असे धरू नये.

शेवटी मोडीकडे येतो, कारण आपल्या भागात सगळ्या वाटा तिथे पोचतात. २०२३ मध्ये महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा एका रात्रीत मोडी वाचकांची गरज पडली. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेची रजिस्टरे, महसुली कागद तपासले गेले आणि लक्षावधी नोंदी सापडल्या. ज्या कुटुंबांना आपल्याकडे काही पुरावा आहे हे ठाऊकही नव्हते, त्यांचे कागद कचेरीत पडून होते. यंत्र मदत करू लागले आहे. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरी करणारे मॉडेल पुढे आणले, त्यासाठी दोन हजारांच्या आसपास पाने तज्ज्ञांकडून वाचून घेतली. नीट पाहा, यंत्राला शिकवायलाही आधी वाचणारा माणूस लागला. आणि हात बदलला की मोडी बदलते. निपाणकर देसायांच्या कारकुनाची मोडी वेगळी, गावच्या कुलकर्ण्याची वेगळी. ती यंत्राला शिकवायची तर आपल्याच भागातली पाने, आपल्याच माणसांकडून वाचून द्यावी लागतील. ती माणसे आज आहेत. बहुतेक सत्तरीच्या पुढची आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरे आधी घ्यावीत. जन्मतारीख, जात, वडिलांचे नाव, गाव, सगळे एका ओळीत असते आणि दाखल्यासाठी लोक तेच मागायला येतात. तीन माणसांची जोडणी करावी. एक वाचणारा, एक टाइप करणारा आणि तिसरा, जो दर दहावी ओळ मूळ रजिस्टराशी ताडून पाहील. पानाचे छायाचित्र, पानाचा क्रमांक, साल, नावाची सगळी रूपे आणि कुणी वाचले त्याचे नाव एवढे रकाने पुरेत. वाचता आले नाही तिथे अंदाजाने भरू नये, 'वाचता आले नाही' असेच लिहावे. रजिस्टर शाळेच्या बाहेर नेऊ नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा मोकळ्या असतात, तेव्हा सुरुवात करता येईल. ज्या संस्थांना यात यायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे नाव द्यावे, आणि आपल्या गावात मोडी वाचणारे कुणी असेल तर त्यांचेही नाव त्यांच्या परवानगीने लिहून द्यावे.